न लिहिलेल्या नाटकाची तालीम

रंगभूमीवर उभें राहून आयत्या वेळीं सुचेल तें बोलावें आणि लोकांस हांसवावें, असा ज्याचा धंदा तो नट मोठा भाग्यवान असें पुष्कळांस वाटतें. पाठांतराचा जाच नाहीं, नाटककाराचा धाक नाहीं, विंगेंतून शब्द पुरविणाऱ्याकडे कान लावून बसणें नाहीं. अशा मंडळींत नव्यानें शिरणारा मनुष्य बहुधा हीच समजूत घेऊन येतो. चार कोट्या, दोन नकला आणि एखादी हमखास टाळी घेणारी गोष्ट तो पदरीं बांधून आणतो. पहिल्या तालमीस मात्र ती गांठ सोडावयास त्यास कोणी सांगत नाहीं. त्याला विचारतात तें निराळेंच : तुझें घर कोणतें? तुझ्या बापाचें नांव काय? या प्रश्नांत विनोद मुळींच नाहीं. पण ज्या कलेंत तो पाऊल टाकीत आहे ती सारी या प्रश्नावर उभी आहे.

या कलेचा माग काढूं लागल्यास इटलींतील पादुआ या शहरापर्यंत जावें लागतें. २५ फेब्रुवारी १५४५ या दिवशीं तेथें आठ पुरुष एका नोटरीपुढें जमले आणि त्यांनीं आपसांत एक करार केला. गांवोगांव हिंडून नाटकें करावयाचीं आणि त्यावर पोट भरावयाचें, हा त्यांचा उद्देश. त्या वर्षींच्या ईस्टरच्या सणानंतर निघावयाचें आणि १५४६ सालच्या लेंट या उपवासकाळास आरंभ होईपर्यंत एकत्र राहावयाचें, अशी मुदत घातली होती. माफिओ नांवाचा पादुआचा एक नट पुढारी ठरला. त्याला ‘झानीनी’ म्हणत. खेळासंबंधीं तो जें सांगेल तें इतर सातांनीं निमूटपणें करावें, असें पहिलें कलम.

पुढील कलमें नाटकाविषयीं फारशीं नाहींतच; तीं आहेत पैशाविषयीं, आजाराविषयीं आणि भांडणाविषयीं. मिळकत एका पेटींत टाकावयाची, त्या पेटीस तीन किल्ल्या, आणि त्या तिघांजवळ राहावयाच्या. सर्वांच्या संमतीवांचून त्यांतील पैसा काढावयाचा नाहीं. कोणी आजारी पडला तर त्याचें पोषण सामाईक पैशांतून व्हावें. कोणी मंडळी सोडून पळाला तर त्यानें आपल्या वांट्यास मुकावें आणि शिवाय शंभर लिरे दंड भरावा. त्या दंडाचा एक भाग शहराच्या अधिकाऱ्यांस, एक गोरगरिबांस आणि एक मंडळीस. सामानासाठीं समाईक खर्चानें एक घोडा विकत घ्यावा. आपसांत पत्ते खेळूं नयेत. खेळल्यास पैज फक्त खाण्याच्या जिनसांची असावी. जून महिन्यांत पादुआस परत आल्यावर पैशाची सारखी वांटणी व्हावी. आणि हें सारें कशासाठीं, तर आठ जणांत बंधुप्रेम टिकावें, द्वेष आणि किल्मिष राहूं नये म्हणून. आपल्याकडील एकत्र कुटुंबाच्या कर्त्या पुरुषानें हा कागद वाचला असता तर त्यास तो परका वाटला नसता. पत्त्यांचें कलम तर त्यानें विशेष संतोषानें वाचलें असतें.

या कागदांत आयत्या वेळच्या भाषणाचा उल्लेख नाहीं. तेव्हां त्यास या कलेचा जन्मलेख म्हणणें थोडें धाडसाचें होईल. परंतु झानीनी हें टोपणनांव बोलकें आहे. ‘झान्नी’ म्हणजे इटालियन प्रहसनांतील खेडवळ नोकर, हांसें पिकविणारें मुख्य पात्र. पुढील दोन शतकें जी नाटकपद्धति युरोपभर गाजली, आणि जिला अठराव्या शतकांत ‘कॉम्मेदिया देल्लार्ते’, म्हणजे कसबी नटांचें नाटक, हें नांव पडलें, ती अशाच मंडळ्यांनीं वाढविली. लिहिलेल्या नाटकांत एखादा नट निघून गेला तर त्याची भूमिका दुसऱ्याकडून पाठ करून घेतां येते. येथें पाठ करावयास कांहीं नसतेंच. गेलेला माणूस आपली भूमिका आपल्याबरोबर घेऊन जातो, आणि त्याच्या उत्तरांवर ज्यांचीं वाक्यें उभीं राहावयाचीं त्यांचींहि कामें तो निकामी करतो. शंभर लिऱ्यांचा दंड त्या मानानें कांहीं फार नव्हे.

पादुआचे आठहि पुरुष होते. स्त्रिया लौकरच आल्या : १० ऑक्टोबर १५६४ रोजीं रोम येथें झालेल्या अशाच एका करारांत सिएनाच्या लुक्रेझियाचें नांव आढळतें. शतकाच्या अखेरीस इझाबेल्ला आंद्रेइनी ही नटी तर कवयित्री म्हणूनहि मान्यता पावली होती.

मंडळींत येणारा नट बहुधा एकच पात्र पत्करी आणि तें जन्मभर करी. कोणी पांतालोने होई, म्हणजे व्हेनिसचा म्हातारा कवडीचुंबक व्यापारी. कोणी बोलोन्याचा पढतमूर्ख दोत्तोरे. कोणी तोंडानें लढाया मारणारा कापितानो. दोन नोकर, त्यांपैकीं एक लबाड व एक भोळसट. आणि मुखवट्यावांचून येणारीं प्रेमी जोडपीं. प्रत्येकाजवळ एक वही असे. प्रेमिकाच्या वहींत रुसवे, विरहाचे उद्गार, निरोपाचीं वाक्यें. म्हाताऱ्याच्या वहींत मुलास करावयाचा उपदेश. कापितानोच्या वहींत बढाया. म्हणजे ‘आयतें’ म्हणून जें लोकांपुढें येई त्याच्या मागें पुष्कळ साठवण असे. स्वयंपाकघरांत फोडणीचा डबा जवळ असला म्हणजे अवचित आलेल्या पाहुण्यास जेवूं घालतां येतें, त्यांतलाच हा प्रकार. पण नवख्या नटाची फसगत येथेंच होई. वही भरलेली आहे म्हणून ती रिकामी करण्याची घाई त्यास होई, आणि समोरचा काय बोलला याकडे त्याचें लक्ष राहत नसे.

कथानक अगोदर ठरलेलें असे. फ्लामिनिओ स्काला यानें १६११ सालीं व्हेनिस येथें अशीं पन्नास कथानकें छापलीं. वाचूं जातां तीं कोरडीं वाटतात. आरंभीं पात्रांचीं नांवें, लागणाऱ्या वस्तूंची यादी, आणि मग प्रवेशामागून प्रवेश : अमका येतो, आपलें दुःख सांगतो, तेवढ्यांत तमकी खिडकींत दिसते, तेवढ्यांत म्हातारा येतो. हा ‘तेवढ्यांत’ पानापानावर भेटतो, आणि सारें नाटक त्यावर चालतें. कोण काय बोलला तें मात्र कोठेंहि नाहीं.

अशा कथानकाची तालीम कशी होई याचें उत्तम वर्णन आंद्रेआ पेरुच्ची यानें केलें आहे. त्याचें पुस्तक १६९९ सालीं नेपल्स येथें छापलें गेलें. पाठ केलेल्या आणि आयत्या वेळच्या अशा दोन्ही नाट्यप्रकारांचा त्यांत विचार आहे. तो सांगतो तें असें : मंडळींतील जाणत्या माणसानें सर्वांस एकत्र बसवावें आणि कथानक वाचून दाखवावें. नुसतें वाचूं नये, समजावून द्यावें. ही गोष्ट कोणत्या शहरांत घडते, कोण कोणाचा बाप, कोण कोणावर अनुरक्त, कोणतें घर कोणाचें, कोणी कोणत्या बाजूनें यावें आणि कोणत्या बाजूनें जावें, पत्र कोणाच्या खिशांत असावें, कंदील कोणी आणावा, मारामारी कोठें करावी. आपणांस हें कथानक ठाऊक आहे म्हणून कोणी कान मिटून बसूं नये. एकच कथानक निरनिराळ्या मंडळ्यांत निराळें होतें. काल जें घर पांतालोनेचें होतें तें आज दोत्तोरेचें असेल.

घराविषयींचा पेरुच्चीचा आग्रह प्रथम गंमतीचा वाटतो. पण थोडा विचार केल्यास त्याची भीति ध्यानांत येते. रंगभूमीवर दोन दारें आहेत. प्रेमिक रागारागानें निघतो, सुंदर भाषण करतो, आणि प्रेयसीच्या घरांत शिरण्याऐवजीं तिच्या बापाच्या शत्रूच्या घरांत शिरतो. किंवा म्हातारा आपल्या मुलाचें नांवच विसरतो. किंवा गोष्ट रोम शहरांत चालली असून नोकर नेपल्सच्या रस्त्यांची वर्णनें करूं लागतो. लिहिलेल्या नाटकांत अशी चूक झाली तर पुढचें वाक्य तयार असतें, गाडी रुळावर येते. येथें पुढचें वाक्य मागच्यांतूनच जन्मावयाचें असल्यामुळें एकाच्या विसरण्यानें दुसऱ्याचा आधार तुटतो. तो दुसरा उत्तर काय देणार? नेपल्स मान्य करावें तर कथानक मोडतें, न करावें तर सोबती उघडा पडतो. म्हणूनच पहिल्या तालमीस नव्या नटाला चातुर्य विचारीत नसत, घर विचारीत. जो आपल्या दारांत न चुकतां शिरतो त्याच्याशीं बोलावयास बाकीचे भीत नाहींत.

‘लाझ्झो’ म्हणून जो प्रकार होता त्याचीहि अशीच व्यवस्था. लाझ्झो म्हणजे कथानक थांबवून नोकरानें करावयाची एखादी ठरीव गंमत : आर्लेक्किनोनें हवेंतील माशी मोठ्या कसोशीनें पकडावी, तिचे पंख उपटावे आणि चवीनें ती खावी. प्रेक्षक खूष होत. परंतु लाझ्झो जेथून सुरू झाला तेथेंच परत आणून सोडावयाचा, नाहीं तर गोष्टीचा धागा हरवतो; आणि तो चालू असतां सोबत्यानें काय करीत उभें राहावयाचें तेंहि आधीं ठरलेलें पाहिजे. नव्या नटास प्रेक्षकांच्या हांशाची चटक लागली कीं माशी संपत नाहीं. मग जाणत्या मंडळींच्या चेहऱ्यावर जें दिसे तें मुखवट्यामुळें लोकांस दिसत नसे, एवढीच काय ती त्याची अब्रू.

पॅरिस येथील इटालियन मंडळींत आर्लेक्किनो करणारा एव्हारिस्तो घेरार्दी यानें सतराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या धंद्याविषयीं लिहिलें आहे. इटालियन नट पाठ करीत नाहींत, प्रवेशापूर्वीं कथानकावर एक दृष्टि टाकली म्हणजे त्यांस पुरे होतें, असें तो अभिमानानें सांगतो. याच अभिमानापोटीं तो चांगल्या नटाची खूण सांगतो ती मात्र नम्रतेची आहे : आपले शब्द आणि हालचाली सोबत्याच्या शब्दांशीं व हालचालींशीं इतक्या जुळवून घ्याव्या कीं सोबती मागेल त्या क्षणीं त्याच्या खेळांत शिरतां यावें, आणि पाहणाऱ्यांस वाटावें कीं हें सारें आधींच ठरलें होतें. असा नट मिळणें कठीण, आणि एक गेला कीं त्याची जागा भरणें त्याहून कठीण, हेंहि तो सांगतो.

महाराष्ट्रांतील श्रोत्यांस ही पद्धति सर्वस्वीं नवी वाटण्याचें कारण नाहीं. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगली येथें ‘सीतास्वयंवर’ हा खेळ केला, तेव्हां सूत्रधारानें पद्यें म्हणावयाचीं आणि त्यांच्या अनुरोधानें पात्रांनीं आपलीं भाषणें आपणच करावयाचीं, अशी रीत होती. तमाशांतील बतावणी आणि वग यांचें बळहि सोंगाड्याच्या हजरजबाबीपणांतच आहे. या दोन देशांतील नटांचा एकमेकांशीं कांहीं संबंध होता असें नव्हे; पण गोष्ट ठरलेली आणि बोलणें मोकळें, ही तडजोड दोन्हीकडे झाली, आणि दोन्हीकडे नवशिक्याचें शिक्षण पुस्तकानें न होतां जुन्या जाणत्याशेजारीं उभें राहून झालें.

इटलींत या पद्धतीचा उतार अठराव्या शतकांत दिसूं लागला. कार्लो गोल्दोनी यानें १७४५ सालीं आंतोनिओ साक्की या नटासाठीं ‘दोन धन्यांचा चाकर’ हें प्रहसन रचलें, तेव्हां त्याचा बराच भाग त्यानें नटांवरच सोपविला होता. साक्कीनें त्याचें सोनें केलें. पण सगळे नट साक्की नसतात हें गोल्दोनी ओळखून होता, आणि १७५३ सालीं तें प्रहसन छापलें तें सर्व भाषणें लिहून. हें त्यानें केलें नसतें तर आज तें प्रहसन कोणाच्या हातीं राहिलें असतें हा प्रश्नच आहे. न लिहिलेल्या नाटकांपैकीं उत्तमांत उत्तम जें होतें तें करणाऱ्यांबरोबर गेलें.

जुन्या इटालियन नटांचें स्मरण पुन्हा ताजें झालें तें अमेरिकेंतील शिकागो शहरांत. डेव्हिड शेफर्ड या तरुणास साध्या लोकांपुढें त्यांच्याच जगण्यांतील गोष्टी कराव्या असें वाटे, आणि त्यास त्यानें नमुना घेतला तो कॉम्मेदियाचा. १९५५ च्या जुलै महिन्यांत विद्यापीठाजवळील एका मद्यगृहाच्या जागेंत ‘कंपास’ नांवाची मंडळी सुरू झाली. कथानकाचा आराखडा तयार असे, संवाद नटांनीं जुळवावयाचे. कधीं त्या दिवशींच्या वर्तमानपत्रांतील मजकूरच वठवून दाखवावयाचा. शेफर्डचा सहकारी पॉल सिल्स. त्यानें पुढें १९५९ सालीं दोन सोबत्यांसह ‘सेकंड सिटी’ ही मंडळी काढली. परंतु नव्या नटांस शिकविण्याची विद्या आली ती सिल्सच्या आईकडून. व्हायोला स्पोलिन (१९०६–१९९४) ही बाई नाटकाच्या धंद्यांतून पुढें आली नव्हती. शिकागो येथील हल हाऊस या समाजसेवेच्या संस्थेंत नेव्हा बॉइड यांच्या हाताखालीं तिनें मुलांच्या खेळांचा अभ्यास केला होता, आणि १९३० नंतरच्या मंदीच्या काळांत सरकारी योजनेखालीं ती वस्त्यावस्त्यांतून परदेशांहून आलेल्या कुटुंबांतील मुलांस व माणसांस नाटक शिकवीत होती. भाषा निराळ्या, चालीरीती निराळ्या, आणि व्याख्यान ऐकण्याची कोणाची तयारी नाहीं. तिनें खेळ बसविले.

१९६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या पुस्तकांत अगदीं पहिल्या वर्गासाठीं जो खेळ दिला आहे तो असा. निम्म्या मंडळींनीं प्रेक्षकांसमोर ओळीनें उभें राहावयाचें, निम्म्यांनीं खालीं बसावयाचें. सांगावयाचें इतकेंच : तुम्ही आमच्याकडे पाहा, आम्ही तुमच्याकडे पाहतों. दुसरें कांहीं करावयाचें नाहीं. थोड्याच वेळांत उभ्या असलेल्यांची अवस्था बिकट होते. कोणी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकतो, कोणी उगीच हांसतो, कोणाचे हात कोठें ठेवावे तें त्याचें त्यास समजत नाहीं. कोटी करून सुटका करून घेणारा या वेळीं हमखास निघतो. सारे पुरेसे अवघडले म्हणजे त्यांस एक काम सांगतात : समोरच्या खुर्च्या मोजा. मोजणी सुरू होते, आणि खांदे खालीं येतात, हात सैल पडतात, चेहरे माणसांसारखे होतात. मग जागा बदलून दुसऱ्या निम्म्यांची पाळी. शेवटीं एवढेंच विचारावयाचें कीं नुसते उभे होतां तेव्हां पोटांत कसें होत होतें, आणि मोजूं लागल्यावर तें कोठें गेलें.

पहिल्या तालमीचा याहून प्रामाणिक प्रकार क्वचितच सांपडेल. नवख्याच्या मनांतील भीति ही प्रेक्षकांची नसून आपण बरे दिसतों कीं नाहीं याची असते, आणि ती उपदेशानें जात नाहीं, कामानें जाते. स्पोलिनच्या इतर खेळांचीहि युक्ति हीच. दोन गटांनीं नसलेला दोर ओढावयाचा. दोर दोघांच्यामध्यें खरोखर ताणला गेला पाहिजे, एका बाजूनें पुढें खेचला तर दुसरीनें पुढें ओढलें गेलेंच पाहिजे. किंवा दोघांनीं समोरासमोर उभें राहून एकानें माणूस व्हावयाचें आणि दुसऱ्यानें आरसा. मग मध्येंच अदलाबदल, आणि पुन्हा अदलाबदल, इतक्या वेळां कीं कोण चालवितो आणि कोण मागें येतो तें त्यांचें त्यांसहि सांगतां येऊं नये. शाबासकी नाहीं आणि दोषहि नाहीं; बाईंचा त्यावर कटाक्ष असे, कारण शाबासकीसाठीं खेळणारा सोबत्याकडे पाहत नाहीं, शिक्षकाकडे पाहतो.

‘कंपास’ची एक शाखा सेंट लुइस येथें चालत होती. १९५७ सालीं तेथें एलेन मे आणि थिओडोर फ्लिकर हीं दोघें, आदल्या रात्रीचा खेळ कोठें पडला आणि कोठें चढला याची चर्चा सकाळीं राहत्या घराच्या स्वयंपाकघरांत बसून करीत. त्यांतून जे नियम निघाले ते फार थोडे होते, आणि त्यांतील मुख्य हा, कीं रंगभूमीवर सोबत्यानें जें खरें म्हणून सांगितलें तें नाकारावयाचें नाहीं. पेरुच्चीनें ज्या घराची ओळख तालमींत पाठ करून घेतली, तें घर येथें खेळ चालूं असतांच बांधावयाचें होतें. त्यामुळें हा नियम मोडणें म्हणजे सोबती बांधीत असलेली भिंत पाडणें. एकजण रिकाम्या रंगभूमीवर येऊन हवेंत हात मारतो आणि ‘आई, दार उघड’ असें ओरडतो. समोर उभी असलेली तरुणी क्षणापूर्वीं कदाचित् राणी होण्याच्या बेतांत असेल, तिच्या मनांत चांगलें भाषणहि तयार असेल. तें तिनें तसेंच सोडावयाचें, पदराला हात पुसल्यासारखे करावयाचे आणि दार उघडावयाचें. मुलगा इतक्या रात्रीं कोठून आला आहे तें अजून दोघांनाहि ठाऊक नसतें.